पाइपावरचा तिसरा ठोका

ही हकीकत मला दुसऱ्या कुणी सांगितली असती, तर मी हसून सोडून दिली असती.

पण ही युखिमने सांगितली. युखिम माझा आतेभाऊ. जन्मभर खार्किवमध्ये ट्रॅम चालवली त्याने. साधी थाप मारायची झाली तरी त्याचे कान लाल होतात. आणि सांगितली तीही रात्री दिवे घालवून नाही. भर दुपारी, अंगणात उन्हात बसून, बटाटे सोलता सोलता सांगितली.

आधी एवढंच म्हणाला, "तुझीही बायको गेली. म्हणून तुला सांगतो. दुसऱ्या कुणाला नसतं सांगितलं."

त्याने सांगितलं तसंच लिहितो. जे मला कळलं नाही, त्याचं कारण मी देणार नाही.

सुरुवात झाली युद्धाच्या पहिल्या मार्च महिन्यात. खार्किवच्या साल्तिव्का भागात. नऊ मजली इमारत, चौथा मजला.

घरात तिघं होती. युखिम, त्याची बायको मेलानिया आणि मुलगी ओरिस्या. ओरिस्या शाळेत चित्रकला शिकवायची.

गोळे पडायला लागले की तिघं घरातल्या पॅसेजमध्ये जाऊन बसायची. तिथे खिडकी नाही. बाहेरच्या भिंतीने पहिला मार खायचा, आतल्या भिंतीने काचा अडवायच्या. दोन भिंतींच्या आड बसायचं, हे तेव्हा शहरातल्या लहान पोरालाही पाठ झालं होतं.

वीज नव्हती. फोन लागत नव्हते. गोळे थांबले की वरच्या मजल्यावर कोण जिवंत आहे, खाली कोण आहे, काही कळायचं नाही.

मग मेलानियाने पाइपाची युक्ती काढली.

आमच्याकडे इमारतीतल्या सगळ्या घरांचे रेडिएटर एकाच उभ्या पाइपाला जोडलेले असतात. तो पाइप तळघरापासून गच्चीपर्यंत जातो. एरवी कुणी मोठ्याने गाणी लावली, की शेजारी चिडून त्या पाइपावर चमचा आपटतो. मेलानियाने सगळ्या मजल्यांवर जाऊन सांगितलं, "गोळे थांबले की पाइपावर ठोकायचं. घरात जितकी माणसं जिवंत, तितके ठोके. ठोका कमी आला, की ज्याला जमेल त्याने बघायला जायचं."

बस. एवढाच नियम.

मेलानियाच्या घरून तीन ठोके जायचे. ओरिस्या स्वयंपाकाच्या लोखंडी पळीने ठोकायची.

ठण्. ठण्. ठण्.

वरच्या मजल्यावर कापितोलिना मावशी एकटी राहायची. पाय सुजलेले, जिना उतरता यायचा नाही. तिचा एक ठोका यायचा.

एके दिवशी तिचे दोन आले.

मेलानिया धावत वर गेली. दम लागलेला. "मावशी! दुसरं कोण आहे घरात?"

"मार्कीझ आहे की."

"मावशी, ते मांजर आहे."

"मग? ते जिवंत नाही का? तुझ्या नवऱ्यापेक्षा जास्त उंदीर मारलेत त्याने."

मेलानिया खाली आली ती हसत हसत. भिंतीला टेकून हसली. त्या दिवसापासून मावशीचे दोन ठोके धरायचे, असं ठरलं.

युखिम म्हणतो, तिचं तसं हसणं मी तेव्हा शेवटचं पाहिलं.

पाणी खाली अंगणात यायचं, टँकरने. मेलानियाच जायची. युखिमची कंबर धरली होती.

"मी जातो आज," तो रोज म्हणायचा.

"तू बस. तुला दोन बाटल्या आणायला धाडलं तर एक सांडून आणशील."

दोन मोठ्या बाटल्या होत्या, पाच पाच लिटरच्या. एकीचं झाकण हरवलं होतं. तिच्या तोंडात मेलानिया प्लास्टिकची पिशवी कोंबायची. तरी ती गळायचीच.

परत येताना तिचा आवाज पार खालपासून ऐकू यायचा. सिमेंटच्या जिन्यावर बुटांचा. मध्येच कठड्याचा लोखंडी नाद. मग दाराबाहेर बाटल्या खाली ठेवायची. धप्प. धप्प. आणि कडी न वाजवता हाक मारायची, "जिवंत आहात का रे?"

त्या दिवशी ती पाण्याला गेली आणि गोळे पडायला लागले.

युखिम आणि ओरिस्या पॅसेजमध्ये बसली. भिंतीचा चुना डोक्यावर पडत होता. एक गोळा फार जवळ पडला.

मग शांत झालं.

ओरिस्याने पळी घेतली. रोजच्यासारखी ठोकली.

ठण्. ठण्. ठण्.

वरून मावशीचे दोन आले.

"आई खाली तळघरात थांबली असेल," ओरिस्या म्हणाली.

"थांबली असेल," युखिम म्हणाला.

थोड्या वेळाने जिन्यावर बूट वाजले. दाराबाहेर बाटल्या ठेवल्या. धप्प. धप्प.

ओरिस्याने हसत दार उघडलं.

बाहेर दुसऱ्या मजल्यावरचा माणूस उभा होता. तो बाटल्यांकडेच बघत होता. एका बाटलीतलं पाणी काठोकाठ तसंच होतं.

ओरिस्याने तीन ठोकले तेव्हा मेलानिया जिवंत नव्हती.

दफन घाईघाईत झालं. चार माणसं होती. पाद्री घड्याळाकडे बघत प्रार्थना म्हणत होता. त्याचाही दोष नाही, आकाश वाजतच होतं. घरी येऊन युखिमने खिडकीत पाण्याचा ग्लास ठेवला, वर पावाचा तुकडा. आमच्याकडे गेलेल्या माणसासाठी ठेवतात तसा, चाळीस दिवस.

संध्याकाळी पुन्हा गोळे पडले. पुन्हा थांबले.

ओरिस्याने पळी उचलली. युखिमने तिचं मनगट धरलं.

"दोन, पोरी," तो म्हणाला. "आता दोन."

तिने मान हलवली. ठोकलं.

ठण्. ठण्.

पळी तिने मांडीवर ठेवली. दोन्ही हात तिच्यावर ठेवले. युखिमचा तळवा रेडिएटरवरच होता...

ठण्.

लोखंड त्याच्या तळव्याखाली थरथरलं.

वरच्या मावशीचा असेल, असं त्याला वाटलं. पण मावशीचे दोन त्यानंतर आले, वरून, नेहमीच्या आवाजात. खालच्या मजल्यावरचे लोक आठवड्यापूर्वीच शहर सोडून गेले होते.

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. 

दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. तिसऱ्या दिवशीही.

दोन ठोकायचे... आणि मग थोडं थांबून एक यायचा.

ओरिस्या आता ठोकण्यासाठी गोळे पडायची वाट बघू लागली होती. तेव्हा युखिमने ठरवलं, इथून निघायचं.

मुलीला घेऊन तो पश्चिमेला आला. कोसिवच्या पुढे, डोंगरात, एक लाकडी घर त्याने बघितलं. घरं आणखीही होती. चांगली, गरम, शहरातली. ती त्याने घेतली नाहीत. या घरात भिंतीएवढी मातीची चूल होती. तिच्यावरच घर तापायचं. रेडिएटर नाही. पाइप नाही. वर मजला नाही. जिना नाही.

त्यासाठीच त्याने ते घेतलं.

इथे गोळे पडत नव्हते. कोंबडे आरवायचे. ओढा वाहायचा. पण ओरिस्या तिथून आलीच नव्हती.

ती खिडकी असलेल्या खोलीत जायची नाही. दोन खोल्यांच्या मधल्या अरुंद जागेत गादी टाकून राहायची. जेवायची तिथे, झोपायची तिथे. बूट काढायची नाही. पळी खार्किवहून सोबत आणली होती, ती उशाशी असायची. शेजारी कुणी लाकडं फोडली, ट्रॅक्टर फटफटला, मेघ गडगडले, की तिचा चेहरा पांढरा पडायचा. आवाज थांबला की ती मिळेल त्या लोखंडावर ठोकायची. बादलीवर. चुलीच्या झडपेवर. फाटकाच्या कडीवर.

ठण्. ठण्.

आणि मान तिरकी करून ऐकत बसायची.

इथे तिसरा येत नव्हता.

"आईला इथला पत्ता माहीत नाही," एकदा ती म्हणाली. अगदी साध्या आवाजात.

 त्याने तिच्यापुढे सूप ठेवलं आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

शेजारची पारास्काबाई कुंपणाजवळ आली. हातात बादली. "अहो ट्रॅमवाले! तुमची पोर माझी बादली का बडवत होती काल? दुधाला येऊन बादलीच्या बुडावर पळी मारली. गाय उधळली माझी!"

"माफ करा. ती आजारी आहे."

"आजारी म्हणजे? ताप आहे?"

"ताप नाही."

पारास्काबाईने त्याच्याकडे बघितलं. मग बादली खाली ठेवली. "खार्किवचे ना तुम्ही? आधी सांगायचं नाही का, मेल्या माणसा." संध्याकाळी ती मक्याचं गरम बनोश घेऊन आली, वर भरपूर चीज घालून. ओरिस्याजवळ त्या बोळातच फतकल मारून बसली. आणि बादलीबद्दल पुन्हा कधी बोलली नाही.

युखिमने मुलीला तालुक्याच्या गावी डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"मुलगी वेडी नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तिचं शरीर अजून त्या पॅसेजमध्ये बसलंय. अशी पुष्कळ माणसं येतात माझ्याकडे. ठोकलं की तिला क्षणभर बरं वाटतं आणि मग आधीपेक्षा जास्त भीती वाटते. म्हणून ठोकायचं नाही. आवाज झाला तर पाय जमिनीला टेकवायचे. समोर ज्या वस्तू दिसतात त्यांची नावं मोठ्याने घ्यायची. आपण कुठे आहोत, ते शरीराला कळलं पाहिजे."

युखिमला ते पटलं. खरं म्हणजे बाई चुकीचं काहीच बोलल्या नाहीत. मला आजही तसंच वाटतं.

ओरिस्याने मनावर घेतलं. मेघ गडगडले, की ती पाय टेकवायची आणि म्हणायची, "चूल. खिडकी. बादली. बाबा."

"बाबांना बादलीनंतर घेतेस का?" युखिम म्हणायचा.

"बादली जास्त कामाची आहे."

उन्हाळा संपता संपता ती खिडकीजवळ बसायला लागली. मग कोसिवच्या एका कुंभारकामाच्या कारखान्यात ताटल्या रंगवायला जाऊ लागली. बोटांना हिरवा रंग लावून घरी यायची. पळी खिळ्यावर टांगली गेली.

युखिमला वाटलं, सुटलो.

एक गोष्ट मात्र त्याने तिला सांगितली नव्हती.

खार्किवचे फोन पुन्हा लागायला लागले, तेव्हा त्याने कापितोलिना मावशीला फोन केला होता. ती तिथेच होती, मांजरासकट. कुठे जायला तयार नव्हती.

"कसा आहेस, युखिम?"

"बरा आहे, मावशी. आम्ही डोंगरात आलोय. पश्चिमेला."

"कधी?"

"एप्रिलमध्येच. तुम्हाला सांगायला वर आलो होतो. तुम्ही ओरिस्याला मुरंबा दिला होता, वाटेत खायला."



"हो रे. दिला होता," मावशी म्हणाली. "मग काल तुमच्या घरातून ठोकलं कुणी?"

"ठोकलं?"

"रोजच ठोकता. तीन."

युखिमने फोन दुसऱ्या कानाला लावला. "मावशी, घराला कुलूप आहे."

"असेल. पण मी उत्तर देते बाबा. नियम म्हणजे नियम. मी दोन देते, माझा आणि मार्कीझचा."

म्हातारी थकलीय, असं त्याने स्वतःला सांगितलं. पण त्यानंतर तो तिला मुद्दाम फोन करायचा. ओरिस्या कामाला गेली की करायचा. तब्येत विचारायचा, मांजराचं विचारायचा, आणि मग उगाच विचारल्यासारखं विचारायचा...

"आलेत ना आज? तीन?"

"आलेत."

आणि त्याला बरं वाटायचं. हे त्याने मला मान खाली घालून सांगितलं. सोललेला बटाटा पुन्हा सोलत होता.

मग तो दिवस आला.

थंडी सुरू झाली होती. जमिनीवर दव गोठलेलं. पाऊस नाही, बर्फ नाही. सकाळपासून सगळ्या देशावर क्षेपणास्त्रं येत होती. आमच्याकडे त्या काळात असे दिवस यायचेच. फोनमधला भोंगा सारखा वाजत होता. कारखान्यातून सगळ्यांना घरी पाठवलं होतं. ओरिस्या टेबलाशी बसून कागदावर कोंबडा काढत होती. खिडकीजवळ.

दुपारी युखिमचा फोन वाजला. कापितोलिना मावशी.

तो फोन घेऊन चुलीमागे गेला.

"युखिम, सगळे ठीक आहात ना?" तिचा आवाज घाबरलेला होता.

"ठीक आहोत, मावशी. तुम्ही?"

"इकडे सकाळी फार पडले. मी ठोकलं. तुमच्याकडून काही आलं नाही."

"काही नाही?"

"एकही नाही. मी पुन्हा ठोकलं. पुन्हा ठोकलं. मी खाली बघायला गेले असते रे, पण हे पाय..." ती रडायला लागली. "मग दार वाजलं खालचं. तुमचं. आणि जिन्यावरून कुणीतरी उतरलं. मी हाक मारली. थांबलं नाही. कुठे गेली ती?"

फोन कटला.

युखिम चुलीमागे उभाच राहिला. 'गेली' हा एक शब्द त्याच्या डोक्यातून जाईना.

"कुणाचा फोन?" ओरिस्याने विचारलं.

"चुकून आला होता."

आणि तेवढ्यात स्फोट झाला.

दूर, खाली सपाटीवर कुठेतरी. पण पूर्ण दरी हलली. खिडकीच्या काचा थरथरल्या. फळीवरच्या ताटल्या एकमेकींवर आपटल्या. दिवे गेले.

युखिमने मुलीकडे बघितलं.

तिने हात मांड्यांखाली दाबून धरले होते. नजर खिळ्यावरच्या पळीकडे गेली. मग तिने ती ओढून परत आणली. पाय जमिनीला टेकवले.

ठोकलं नाही.

 त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

बाहेर शांत होतं. फार शांत. पारास्काबाईचं कुत्रं दिवसभर भोंग्यावर रडत होतं... ते गप्प झालं होतं.

ओढ्याचा आवाज येत नव्हता.

"चूल," ओरिस्या हळू म्हणाली. डोळे मिटलेले. "खिडकी. बादली. बाबा. जिना."

"काय म्हणालीस?"

"नावं घेतेय."

"जिना कुठे आहे इथे?"

तिने डोळे उघडले. ओठ पांढरे पडले होते.

"ऐका ना, बाबा."

आणि त्याला ऐकू आलं.

बूट. सिमेंटवर. खालून, खूप खालून... वर येत होते.

लाकडाचं घर. चारी बाजूंनी माती आणि गवत. आणि आवाज घुमत होता. बंद जिन्यात घुमतो तसा. मध्येच कठड्याचा लोखंडी नाद.

एक मजला.

थांबणं. दम.

दुसरा मजला.

युखिमला आता कळलं. नियम तिनेच घालून दिला होता. ठोका आला नाही, की ज्याला जमेल त्याने बघायला जायचं. सकाळपासून इथून एकही ठोका गेला नव्हता...

आणि ती नेहमीच जायची. दुसरं कुणी उठायच्या आधी तीच उठायची.

आवाज वर येत राहिला. मग दाराबाहेर थांबला.

धप्प.

धप्प.

पाण्याचं डुचमळणं. दाराच्या फटीतून चुन्याचा वास आला. पॅसेजमध्ये डोक्यावर पडायचा त्या चुन्याचा.

हाक आली नाही. बाहेर कुणीतरी उभं होतं आणि वाट बघत होतं.

"बाबा," ओरिस्या म्हणाली. तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. "उघडू का?"

ती उठली होती. डोळ्यांत पाणी होतं आणि चेहऱ्यावर हसू होतं. बाटल्या आणणाऱ्या त्या माणसाला दार उघडताना होतं, तेच हसू.

युखिम म्हणतो, ते हसू पाहून मला भीती वाटली. दाराबाहेरच्याची नाही वाटली. तिची वाटली. दार उघडलं असतं, तर पोर पुन्हा त्या पॅसेजमध्ये जाऊन बसली असती. आणि पुन्हा तिथून उठली नसती.

आणि त्याला स्वतःला काय हवं होतं? त्याला दार उघडायचं होतं. जगात दुसरं काहीच नको होतं त्याला.

त्याने मुलीला बाजूला केलं. खिळ्यावरची पळी काढली. चुलीच्या लोखंडी झडपेपाशी गेला. आजवर त्याने स्वतः कधी ठोकलं नव्हतं. 

ठण्.

ठण्.

आणि थांबला.

"दोन," तो दाराकडे तोंड करून म्हणाला. "दोघं आहोत, मेलानिया. दोघं जिवंत आहोत. दोघंच."

बाहेर काही हललं नाही.

किती वेळ गेला, ते त्याला सांगता येत नाही. ओरिस्या त्याच्या बाहीला धरून उभी होती. तिसरा ठोका येतो का, दोघं ऐकत होती.

आला नाही.

मग बाटल्या उचलल्याचा आवाज आला. आधी एक. मग दुसरी. बूट वळले. आणि उतरायला लागले.

हळू. कठड्याला धरून.

चार मजल्यांचा जिना. तो संपायला हवा होता. पण आवाज उतरतच राहिला... उतरतच राहिला... खाली, अजून खाली... आणि मग ओढ्याचा आवाज परत आला.

ओरिस्यानेच दार उघडलं.

बाहेर ऊन होतं. गोठलेल्या दवावर एकाही पावलाची खूण नव्हती. पण उंबऱ्याबाहेरच्या कोरड्या फळीवर पाण्याची दोन गोल वर्तुळं होती. एक नुसतं ओलसर. दुसऱ्याच्या भोवती पाणी सांडलेलं.

ओरिस्या बराच वेळ बघत राहिली. मग ती दोन्ही वर्तुळं ओलांडून अंगणात गेली. उघड्या आकाशाखाली. तिथे गवतावर बसली आणि मोठमोठ्याने रडली. मेलानिया गेल्यापासून ती रडली नव्हती.

पारास्काबाई धावत आली. "अगं काय झालं? कोण गेलं?"

"आई," ओरिस्या म्हणाली. "माझी आई गेली."

पारास्काबाईने तिला पोटाशी धरलं. "रड. रड गं बाई. माझं कुत्रंही चुलीखाली जाऊन बसलंय कधीचं. काय झालंय सगळ्यांना आज?"

त्या रात्री ओरिस्या खिडकीच्या खोलीत झोपली. बूट काढून.

दोन दिवसांनी मावशीचा फोन आला. "येतात आता पुन्हा," ती म्हणाली. "पण युखिम, तीन नाही येत. दोन येतात."

ओरिस्या आता बरी आहे. फ्रांकिव्स्कमध्ये राहते, मुलांना मातीकाम शिकवते. अजूनही दार आपटलं की दचकते. पण मग स्वतःच हसते आणि म्हणते, "दार. आपटलेलं दार." मी तिला परवाच भेटलो. तिने मला स्वतः रंगवलेली ताटली दिली.

गोष्ट इथे संपली असती, तर मी ती लिहिलीच नसती.

बटाटे सोलून झाले होते. युखिम एकटाच राहतो आता त्या घरात. मी म्हटलं, "माझ्याकडे चल. मीही एकटाच आहे. दोन म्हातारे भांडत बसू."

"नको," तो म्हणाला.

"इथे काय ठेवलंय तुझं?"

 डोंगरावर ढग आले होते. दूर गडगडलं. मग जवळ. एवढं जवळ की बटाट्यांची पातेली वाजली. मीच दचकलो.

आम्ही आत आलो. पळी खिळ्यावर टांगलेली होती. मी तिच्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"ठोकत नाहीस?"

"डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय ना," युखिम म्हणाला. "ठोकायचं नाही."

आणि हसला. त्याचे कान लाल झाले होते.

मग त्याने कोपऱ्यातलं एक रुंद लाकडी स्टूल उचललं. बाहेर नेलं. दाराशी, फळीवर ठेवलं. हाताने नीट पुसलं.

"खाली वाकायला नको तिला," तो म्हणाला. "कंबर दुखत असेल."

आत येऊन त्याने दार लोटलं आणि चुलीशी बसला. मान तिरकी करून.

 मीही बसलो.

जिन्याचा आवाज मी ऐकला का, असं मला पुष्कळांनी विचारलं. नाही ऐकला. ढग गडगडत होते. पारास्काबाईचं कुत्रं भुंकत होतं, आणि मग भुंकायचं थांबलं. एवढंच मला माहीत आहे.

पाऊस पडला नाही. ढग दरीपलीकडे निघून गेले. मी उठलो, बस गाठायची होती. युखिम डोळे मिटून बसला होता. चेहरा शांत. इतका शांत मी त्याला युद्धाच्या आधीही पाहिला नव्हता.

मी दार उघडलं.

बाहेर ऊन होतं. अंगण कोरडं होतं.

स्टूल ओलं होतं.